मूल कोणत्या न्यायालयाचे?

१ मार्च १९३२ च्या रात्री विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे वीस महिन्यांचे मूल न्यू जर्सीतल्या घरातून पळवले गेले. सारी अमेरिका हादरली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथल्या काँग्रेसने अपहरणाविरुद्ध कडक कायदा संमत केला. राज्याची हद्द ओलांडून माणूस पळवणे हा त्या कायद्याने संघराज्याचा गुन्हा ठरवला. पण १९३४ च्या दुरुस्तीने त्यात एक अपवाद घातला गेला. पळवलेले मूल अज्ञान असेल आणि ते त्याच्याच आईने किंवा वडिलांनी नेले असेल, तर हा कायदा लागू होणार नव्हता. त्या काळात या अपवादात कोणाला काही वावगे वाटले नाही. स्वतःच्या मुलाला कोणी चोरते का, असाच सर्वांचा समज होता. नवराबायकोच्या भांडणात मूल इकडून तिकडे गेले तर ती घरातली गोष्ट, फार तर दिवाणी न्यायालयाची. पुढे पन्नास वर्षांच्या आतच जगातल्या अनेक देशांना एकत्र बसून या ‘घरातल्या गोष्टी’साठी आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. तो १९८० चा हेग करार. त्या कराराने जगभरच्या कौटुंबिक न्यायाचे वळण बदलले हे खरेच, पण आज त्याच्यावर जी टीका होते तीही तितकीच खरी आहे. या दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असू शकतात, हे कराराचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे, की १९८० नंतर कराराचे एक अक्षरही बदलले नाही, बदलले ते त्याच्या भोवतीचे कुटुंब. भारत या करारापासून आजही दूर आहे, आणि आपल्याकडची चर्चा नेमकी हीच गोष्ट विसरून होते.

करारापूर्वी काय चालत असे, याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९५१ मध्ये दिलेल्या एका निकालात सापडते. आईबाप दोघेही अमेरिकी. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने आधी मुलाचा ताबा वडिलांना दिला आणि पुढे १९४५ मध्ये तो फिरवून आईला दिला. अपिलांचे मार्ग संपले, तेव्हा १९४६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वडील मुलाला घेऊन मिशिगनमधून कॅनडातल्या ओंटारिओत निघून गेले. आई मागोमाग गेली आणि तिने तिथल्या न्यायालयात अर्ज केला. ओंटारिओच्या न्यायाधीशांनी सारा वाद नव्याने ऐकला आणि मूल वडिलांकडे ठेवले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला, पण प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा न्यायाधीशांचाच निकाल कायम केला. परदेशी न्यायालयाच्या आदेशाला योग्य ते वजन द्यावे, पण मुलाचे हित कशात आहे हे त्या त्या न्यायालयाने स्वतः तपासावे, असे तत्त्व त्यांनी मांडले. तत्त्व म्हणून ते उदात्तच होते. पण हा निकाल लागेपर्यंत मुलगा चार वर्षांहून अधिक काळ कॅनडात राहिला होता. तिथली शाळा, मित्र आणि घर त्याचे झाले होते. जो मूल उचलून नेतो त्याला वेळ मिळतो, आणि तो वेळच पुढे त्याच्या बाजूचा पुरावा होतो. मुलाचे हित तपासण्याच्या या उदात्त पद्धतीतूनच मूल पळवणाऱ्याला बक्षीस मिळत होते.

युरोपमध्ये अडचण वेगळ्या बाजूने आली. ज्या हेग परिषदेने पुढे १९८० चा करार घडवला तिची स्थापना १८९३ मध्ये डच विधिज्ञ टोबियास आसेर यांच्या पुढाकाराने झाली होती, आणि १९०२ मध्येच तिने अज्ञान मुलांच्या पालकत्वाबद्दल एक करार केला होता. त्या करारात सारे काही मुलाच्या राष्ट्रीयत्वावर ठरत असे. मूल ज्या देशाचे नागरिक, त्या देशाचा कायदा त्याला लागू. शतकाच्या मध्याला हे तत्त्व कसोटीला लागले. वडिलांकडून डच नागरिकत्व मिळालेली एक लहान मुलगी स्वीडनमध्ये वाढत होती. तिच्या आईच्या मृत्यूनंतर स्वीडिश बालकल्याण यंत्रणेने तिला स्वतःच्या संरक्षणाखाली ठेवले आणि डच पालकाला तिचा ताबा देण्यास नकार दिला. नेदरलँड्सने स्वीडनला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. २८ नोव्हेंबर १९५८ रोजी त्या न्यायालयाने बारा विरुद्ध चार मतांनी स्वीडनच्या बाजूने निकाल दिला. मुलाच्या संरक्षणासाठी एखाद्या देशाने केलेला सामाजिक कायदा पालकत्वाच्या कराराने बांधला जात नाही, असे न्यायालयाने ठरवले. या निकालानंतर राष्ट्रीयत्वाचे सूत्र टिकणारे नव्हते. १९६१ च्या नव्या हेग कराराने मुलाच्या नेहमीच्या निवासाचा विचार पुढे आणला. मूल कोणत्या पारपत्रावर प्रवास करते यापेक्षा ते कुठे राहते, खेळते आणि शिकते हे महत्त्वाचे ठरले. १९८० च्या कराराचा पाया इथेच घातला गेला.

सत्तरच्या दशकात जेट विमानांमुळे प्रवास स्वस्त झाला, परदेशी नोकऱ्या आणि मिश्र विवाह वाढले, घटस्फोटही वाढले. कॅनडामध्ये प्रांताप्रांतांतच मुले पळवली जात होती आणि अमेरिकेची सीमा तर शेजारीच होती. जानेवारी १९७६ मध्ये हेग परिषदेच्या एका बैठकीत कॅनडाच्या तज्ज्ञांनी हा विषय पुढे ठेवला. परिषदेच्या कायम कार्यालयातले अमेरिकी विधिज्ञ अडेअर डायर यांनी देशोदेशींना प्रश्नावल्या पाठवल्या, समाजशास्त्रीय आणि मानसशास्त्रीय लिखाण गोळा केले आणि १९७८ मध्ये सविस्तर अहवाल दिला. मग समिती बसली. अध्यक्ष होते स्कॉटिश प्राध्यापक ए. ई. अँटन, आणि अधिकृत स्पष्टीकरण लिहिण्याचे काम स्पॅनिश विधिज्ञ एलिसा पेरेस-व्हेरा यांच्याकडे होते. त्यांच्यासमोर दोन सरळ वाटा होत्या. एक, पालकाने मूल नेणे हा गुन्हा ठरवून आरोपीचे प्रत्यार्पण मागणे. दुसरी, एका देशाचा ताब्याचा आदेश दुसऱ्या देशाने मान्य करणे. १९८० च्या मे महिन्यात युरोप परिषदेने लक्झेंबर्गमध्ये केलेला करार याच दुसऱ्या वाटेने गेला होता. हेगमध्ये बसलेल्यांनी दोन्ही वाटा सोडल्या. तुरुंगाच्या भीतीने पालक परततील, पण मुलाला त्याचा काय उपयोग? आणि आदेश मान्य करायचा म्हटले, तर मुळात आदेश असावा लागतो. बहुतेक मुले तर कोणत्याही न्यायालयाचा आदेश निघण्याआधीच, भांडण भडकलेले असतानाच नेली जात होती.

त्यांनी शोधलेली तिसरी वाट आजही मला कायद्याच्या इतिहासातल्या अत्यंत कल्पक वाटांपैकी एक वाटते. त्यांनी ठरवले, की मूल कोणाकडे असावे हा प्रश्न मूल जिथे नेले त्या देशाच्या न्यायालयाने विचारायचाच नाही. त्याने फक्त एवढेच पाहायचे: मूल नेहमी कुठे राहत होते, तिथल्या कायद्याप्रमाणे मागे राहिलेल्या पालकाला ताब्याचा हक्क होता का, आणि तो हक्क तो बजावत होता का. होता, तर सोळा वर्षांखालचे मूल ताबडतोब मूळ देशात परत पाठवायचे. मग आई चांगली की बाप, घर मोठे की लहान, याचा न्याय तिथले न्यायालय करील. परतीचा आदेश हा ताब्याचा निकाल नव्हे, हे कलम १९ मध्ये स्पष्टच लिहिले आहे. प्रत्येक देशात एक केंद्रीय प्राधिकरण असावे, त्याने मूल शोधावे, समेट घडवावा आणि अर्ज पुढे न्यावा. न्यायालयाने सहा आठवड्यांत निर्णय दिला नाही, तर विलंबाचे कारण विचारता यावे. वर्षाच्या आत अर्ज आला तर परत पाठवणे बंधनकारक. वर्ष उलटून गेले आणि मूल नव्या जागी रुजले असे सिद्ध झाले, तरच वेगळा विचार. २४ ऑक्टोबर १९८० रोजी हा मसुदा उपस्थित देशांनी एकमताने स्वीकारला. दुसऱ्या दिवशी कॅनडा, फ्रान्स, ग्रीस आणि स्वित्झर्लंड यांनी सह्या केल्या, आणि १ डिसेंबर १९८३ रोजी कॅनडा, फ्रान्स आणि पोर्तुगाल या तीन देशांत तो लागू झाला. ओंटारिओत चार वर्षे जो काळ मूल नेणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला, तोच आता त्याच्या विरुद्ध उभा केला गेला.

परतीला अपवाद होते, पण जाणूनबुजून अरुंद ठेवलेले. मागे राहिलेल्या पालकाने संमती दिली असेल, समज आलेले मूलच परतीला विरोध करत असेल, किंवा परत गेल्याने मुलाला शारीरिक वा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल अथवा ते असह्य परिस्थितीत सापडणार असेल, तर न्यायालय परतीला नकार देऊ शकते. हा शेवटचा अपवाद कलम १३ च्या ‘ब’ खंडातला. पुढची चाळीस वर्षे या खंडाभोवतीच झगडा झाला आहे. हे अपवाद अरुंद का ठेवले, ते समजण्यासाठी मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर कोण होते हे पाहावे लागते. कराराच्या अभ्यासकांत याबद्दल फारसे दुमत नाही. त्यांच्या समोरचे चित्र होते आठवडाअखेरच्या भेटीला मूल घेऊन गेलेल्या आणि ताबा न मिळाल्याने चिडून विमानात बसलेल्या बापाचे. मूल रोज सांभाळणारी आई मागे राहिली आहे आणि तिला मूल लवकरात लवकर परत मिळायला हवे, हा त्या घाईमागचा हेतू होता. म्हणूनच त्यांनी ताब्याचा हक्क आणि भेटीचा हक्क यांत काळजीपूर्वक फरक केला. ताब्याचा हक्क भंगला तर मूल परत पाठवायचे, भेटीचा हक्क भंगला तर फक्त भेटीची सोय लावायची. ज्याला केवळ भेटीचा हक्क आहे त्याने मुलाच्या आईला एका देशात बांधून ठेवावे, असे त्यांना अभिप्रेत नव्हते.

मग भोवतालचे कुटुंब बदलले. ऐंशीच्या दशकापासून पश्चिमेकडच्या अनेक देशांत घटस्फोटानंतर ताबा संयुक्त ठेवण्याची रीत वाढत गेली. एका दृष्टीने ही मोठी प्रगती होती, कारण बापाला मुलाच्या आयुष्यातून बाद करण्याची जुनी पद्धत त्याने मोडली. पण याचा कराराशी जो संबंध आला तो कोणी योजलेला नव्हता. संयुक्त ताबा म्हणजे दोघांनाही ताब्याचा हक्क, मग मूल प्रत्यक्षात कोणीही सांभाळत असो. त्याहून पुढची पायरी न्यायालयांनी गाठली. संमतीवाचून मूल देशाबाहेर न्यायचे नाही एवढाच नकाराधिकार पालकाकडे असेल, तर तोही ताब्याचाच हक्क मानावा, असा अर्थ इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९८९ मध्ये लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये चिलीहून टेक्सासला आणलेल्या मुलाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी तोच अर्थ उचलला. त्या मुलाचा रोजचा सांभाळ आईकडे होता आणि बापाला भेटीचा हक्क होता. अल्पमतातले न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा आक्षेप होता, की यामुळे ताबा आणि भेट यांतला कराराचा फरकच पुसला जातो. माझ्या मते त्यांचा आक्षेप बरोबर होता. मसुदाकारांनी जिच्यासाठी घाई केली होती तीच आई आता आरोपीच्या बाजूला उभी राहिली.

आकडे हेच सांगतात. हेग परिषदेसाठी कार्डिफचे प्राध्यापक नायजेल लो यांनी वेळोवेळी केलेल्या पाहणीत १९९९ मध्ये मूल नेणाऱ्यांपैकी ६९ टक्के आया होत्या, तर २०२१ मध्ये ७५ टक्के. त्यांतल्या बहुतेक मुलाचा मुख्य सांभाळ करणाऱ्या. त्यांतल्या कित्येक स्वतःच्या मायदेशी परतत होत्या. सगळ्याच मारहाणीतून सुटून येत होत्या असे म्हणणे खोटे ठरेल. कोणी एकटेपणाला कंटाळली होती, कोणाचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला होता, कोणाला आईबापांच्या आधाराची गरज होती. पण छळ सोसून आलेल्याही पुष्कळ होत्या. त्यांना न्यायालय सांगत होते, की छळाची चौकशी तिथले न्यायालय करील, तुम्ही परत जा. मुलाला एकटे पाठवणे शक्य नसल्याने आईही परत जाई, त्याच गावात, त्याच माणसाच्या आवाक्यात. इंग्लिश न्यायालयांनी यावर हमीपत्रांचा उपाय काढला. नवऱ्याने वेगळे घर द्यायचे, पोटगी द्यायची, जवळ फिरकायचे नाही, अशी हमी घेऊन मूल परत पाठवायचे. पण इंग्लंडच्या न्यायाधीशापुढे लिहून दिलेली हमी परदेशात कोण बजावणार? कित्येक हमीपत्रे नुसती कागदावरच राहिली.

या दबावाखाली करार वाकू लागला. जुलै २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने एक निकाल दिला. इस्रायलमधून आईने स्वित्झर्लंडला आणलेल्या मुलाला परत पाठवण्याचा स्विस न्यायालयांचा आदेश बजावला, तर आई आणि मूल या दोघांच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग होईल, असे सोळा विरुद्ध एक मतांनी ठरले. मुलाच्या हिताचा साकल्याने विचार करायला हवा, असे त्या निकालाचे शब्द होते आणि त्यामुळे जगभरचे न्यायाधीश धास्तावले. साकल्याने विचार म्हणजे ताब्याचाच खटला पुन्हा, म्हणजे पुन्हा ओंटारिओ. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून लॅटव्हियाला नेलेल्या मुलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आपला सूर सावरला. ताब्याची पूर्ण सुनावणी नको, पण गंभीर धोक्याचा दावा विचार करण्याजोगा असेल, तर न्यायालयाने त्याची खरोखर दखल घ्यावी आणि कारणे लिहावीत, असे त्याने सांगितले. हा निकाल नऊ विरुद्ध आठ असा एका मताने लागला. प्रश्न किती अवघड आहे, हे त्या एका मतावरून समजावे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की गंभीर धोका सिद्ध झाला असताना तो कमी करण्याचे सारे उपाय तपासून पाहण्याचे बंधन न्यायाधीशावर नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाने नियम बदलून परतीच्या निर्णयात कौटुंबिक हिंसाचार विचारात घ्यावा, असे स्पष्ट लिहिले. २०२१ च्या पाहणीत परतीचे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले होते, १९९९ मध्ये ते ५० टक्के होते. नकारामागचे सर्वांत मोठे कारण होते ते गंभीर धोक्याचे कलम. निर्णयाला लागणारा सरासरी काळ दोनशे दिवसांच्या पुढे गेला होता, जिथे सहा आठवडे अपेक्षित होते.

मग परतीचे तत्त्वच सोडून द्यावे का? स्त्रियांच्या बाजूने बोलणारे काही अभ्यासक असे सुचवतात, आणि त्यांची कळकळ मला मान्य आहे. पण त्यांचा उपाय मान्य करवत नाही. परतीचे तत्त्व गेले, तर १९५१ परत येते आणि १९५१ मध्ये फायदा झाला तो बळवंताचा. ज्याच्याकडे पैसा आहे, दुसऱ्या देशात नातलग आहेत आणि वकील आहेत, तो मूल उचलून नेतो आणि वेळ काढतो. त्यात गरीब आईचा निभाव लागणार नाही. चूक परतीच्या तत्त्वात नाही, ती गंभीर धोक्याच्या कलमाचा अर्थ लावण्यात आहे. आईला मारहाण होत असेल तर ती मुलाच्या डोळ्यांदेखत होते आणि मुलाचा आधारच मोडते. तेव्हा आईवरचा धोका हा मुलावरचाच धोका होय, एवढे मानले तरी करारातले एकही कलम न बदलता बराच अन्याय टळतो. एकविसाव्या शतकातले उत्तम निकाल याच दिशेने गेले आहेत.

आता भारताकडे येऊ. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर जे निकाल दिले त्यांचा क्रम लावला, तर काळजीच वाटते. १९८४ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यासमोर इंग्लंडमधल्या एका भारतीय कुटुंबाचा खटला आला. नवऱ्याने बायकोला मोटारीखाली मारण्याचा कट केला होता, त्याला शिक्षाही झाली होती. बायकोनेच रदबदली केल्याने तो सुटला आणि मग मुलाला घेऊन भारतात आला. ज्या देशाशी या प्रश्नांचा सर्वांत निकटचा संबंध आहे त्याच देशाच्या न्यायालयाने मुलाचा निर्णय करावा, असे सांगून चंद्रचूडांनी मूल आईला दिले. हेग करारामागचा विचार त्यांनी भारतीय निकालपत्रात त्याच दशकात आणून ठेवला होता. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, मिशिगनमधल्या घटस्फोटित आईच्या ताब्यातला मुलगा वडिलांनी आठवडाअखेरच्या भेटीच्या निमित्ताने शाळेतून उचलून पुण्यात आजीआजोबांच्या घरी आणला. मसुदाकारांच्या डोळ्यांसमोरचे चित्र हुबेहूब पुण्यात उभे राहिले. अमेरिकी आई थेट सर्वोच्च न्यायालयात आली आणि मूल तिला परत मिळाले. पण १९९७ मध्ये चित्र पालटले. अमेरिकेतून तान्हे मूल घेऊन मुंबईत आलेल्या एका आईविरुद्ध बापाने अमेरिकी न्यायालयाचे आदेश आणले होते. मूल बारा वर्षांहून अधिक काळ इथेच वाढले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या प्रिव्ही कौन्सिलचाच आधार घेऊन सांगितले, की परदेशी आदेश हा विचारात घेण्याचा केवळ एक मुद्दा, अखेरचा शब्द मुलाच्या हिताचा. त्या मुलाच्या बाबतीत तो निकाल योग्यच होता. पण तत्त्व म्हणून आपण पुन्हा ओंटारिओत पोहोचलो. पुढे २००९ आणि २०१५ मध्ये लंबक परतीकडे झुकला, आणि ३ जुलै २०१७ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी लिहिलेल्या निकालाने तो परत फिरला. इंग्लंडहून दिल्लीला आईबरोबर आलेली हृदयविकाराने आजारी मुलगी आईकडेच राहिली, आणि २०१५ चा दृष्टिकोन त्या निकालाने नाकारला. हे सारे न्यायाधीश विवेकी होते. पण घरातून निघताना कोणत्याही आईला वा बापाला आपल्या बाबतीत लंबक कोणत्या बाजूला असेल हे सांगता येणार नव्हते, आजही येत नाही.

भारताने करारावर सही करू नये, असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा आपल्या घराघरांत समजणारा आहे. परदेशात नवऱ्याने छळलेली, व्हिसाच्या बंधनात अडकलेली, हाताशी पैसा नसलेली मुलगी लेकराला घेऊन माहेरी येते. तिला परत पाठवायचे का? २०१६ मध्ये केंद्र सरकारने करारासाठीच्या विधेयकाचा मसुदा जाहीर करून मग पाऊल मागे घेतले, ते या भीतीनेच. भीती खरी आहे. पण करारापासून दूर राहिल्याने ती कमी होते का? होत नाही. परदेशी न्यायालय आईच्या गैरहजेरीत बापाला ताबा देते, काही देशांत तिच्यावर फौजदारी वॉरंट निघते, आणि ती पुन्हा त्या देशात पाऊल ठेवू शकत नाही. दुसरीकडे इंग्लंडसारख्या देशात एखाद्या भारतीय आईने मुलाला सुट्टीत भारतात नेण्याची परवानगी मागितली, तर भारत करारात नाही ही गोष्ट न्यायाधीश तोलून पाहतात आणि कधी कधी परवानगीच नाकारतात. आजी नातवाला भेटत नाही, कारण आपण सही केलेली नाही. शिवाय ज्या भारतीय आईचे मूल बापाने पुण्याहून वा नागपूरहून उचलून कॅनडाला नेले, तिला तिथे हेग कराराचे दार बंद असते. करार फक्त बाहेर गेलेल्यांचा नसतो, मागे राहिलेल्यांचाही असतो.

आपली न्यायालये सहा आठवड्यांत निर्णय देऊ शकणार नाहीत, हा आक्षेप वजनदार आहे. आपल्या कौटुंबिक न्यायालयांतल्या तारखांवर तारखा सर्वांना ठाऊक आहेत. पण सहा आठवडे तर जगात फारसे कोणीच पाळत नाही. मोजक्या उच्च न्यायालयांत ठरावीक न्यायाधीशांकडे हे खटले दिले, तर आपल्याकडेही काही महिन्यांत निकाल लागू शकतो. सार्वभौमत्वाचा मुद्दा मात्र फसवा आहे. करारात सामील होणारा देश आपल्या कायद्यात अपवादांचे अर्थ स्पष्ट लिहू शकतो, आणि नव्याने येणाऱ्या देशाशी करार तेव्हाच लागू होतो जेव्हा दुसरा देश त्याला मान्यता देतो. जपानने वर्षानुवर्षे नकार दिला, कारण तिथे घटस्फोटानंतर ताबा एकाच पालकाला मिळत असे आणि आया मुलांना घेऊन माहेरी येत. तोही १ एप्रिल २०१४ पासून करारात आहे, आणि त्याच्या अंमलबजावणीच्या कायद्यात नवऱ्याकडून आईला होणारा छळ गंभीर धोक्याच्या विचारात घ्यावा, असे लिहिले आहे. श्रीलंका २००१ पासून आणि पाकिस्तान २०१७ पासून करारात आहेत. करारात आता शंभराहून अधिक देश आहेत.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने एप्रिल २०१८ मध्ये अहवाल दिला. अशा तंट्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे, असे तिने सुचवले. त्या आधी विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या आणि २०१६ च्या २६३ व्या अहवालात हाच विषय घेतला होता. आता करायचे आहे ते अवघड नाही. आईवरचा हिंसाचार हा मुलासाठी गंभीर धोका होय, असे विधेयकातच लिहावे. परत पाठवताना घर, पोटगी आणि संरक्षणाचे आदेश त्या देशाच्या न्यायालयाकडून आधी मिळवणे बंधनकारक करावे. रोजचा सांभाळ न करणाऱ्या पालकाच्या निव्वळ नकाराधिकाराला ताब्याचे वजन किती द्यायचे, हेही त्यात स्पष्ट करावे. आणि एवढे लिहून सही करावी. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला आहे. मुलांना बेकायदा परदेशी नेण्याला आळा घालावा आणि त्यासाठी असलेल्या करारांत सामील होण्याला चालना द्यावी, असे त्याचे अकरावे कलम सांगते. सरकारने मात्र या विषयावरचे एकही विधेयक अजून संसदेत मांडलेले नाही.